मोकळ्या आभाळाखालचा पितळी नाद

(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विजयादशमीच्या दुपारी म्हैसूरच्या अंबाविलास राजवाड्यात नंदिध्वजाचे पूजन होते आणि दसऱ्याची मिरवणूक मार्गस्थ होते. साडेसातशे किलो वजनाच्या सुवर्ण अंबारीत चामुंडेश्वरीची मूर्ती विराजमान झालेली असते. हत्ती, घोडदळ, चित्ररथ, लोकनर्तकांची पथके आणि पोलीस बँड असा तो लवाजमा कृष्णराज चौकातून सयाजीराव रस्त्याला लागतो. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे नाव धारण करणारा हा रस्ता मराठी माणसाला तेथे अकस्मात भेटतो आणि सुखावून जातो. सुमारे पाच किलोमीटरची वाट चालून मिरवणूक बन्नीमंटपाच्या मैदानावर पोहोचते. बन्नी म्हणजे शमी. महाराष्ट्रात या दिवशी आपट्याचे सोने लुटतात, तर म्हैसूरची मिरवणूक शमीच्या स्थानी विसावते. अंधार पडल्यावर त्याच मैदानावर मशालींची कवायत होते.

या मार्गावर कान उघडे ठेवून चालणाऱ्याला एक चमत्कार जाणवतो. सयाजीराव रस्त्यावर, देवराज मार्केटच्या आसपास, दोन्ही बाजूंना इमारती आहेत. तेथे बँडचा नाद भरलेला, घुमणारा वाटतो. तोच बँड, तेच वादक, तीच धून. पण बन्नीमंटपाच्या विस्तीर्ण मैदानावर पाऊल ठेवताच तो नाद पातळ होतो, विखुरतो. वादक काही दमलेले नसतात. बदललेली असते ती जागा. भिंती नसतील तेथे नाद कसा टिकवावा, हा प्रश्न पितळी वाद्ये घडविणाऱ्यांनी गेली दोनशे वर्षे सोडविण्याचा प्रयत्न केला आहे. त्या प्रयत्नांची ही कथा. तिचा संबंध शाळेच्या संचलनाशी, प्रभातफेरीशी आणि तेथे फुगलेल्या गालांनी वाजविणाऱ्या मुलांशीही आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. पितळी वाद्य हे नाव धातूवरून पडले असले, तरी त्याचे लक्षण धातू नव्हे. वादकाचे ओठ हेच या वाद्यांचे खरे कंपनस्थान. ओठ मिटून, माउथपीसवर टेकवून त्यांतून श्वास सोडला की ते थरथरतात आणि ती थरथर नळीतील हवेला नादवते. सॅक्सोफोन संपूर्ण पितळेचा असतो, पण त्यात वेताची पात कंप पावते. म्हणून शास्त्र त्याला सनई आणि क्लॅरिनेटच्या घरात बसविते. कद्री गोपालनाथ यांनी लहानपणी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये हे वाद्य ऐकले आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. नागस्वरवादकाचा हा मुलगा पुढे दीर्घ साधनेने सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवू लागला आणि जगभर गाजला. मात्र ते वाद्य पितळी कुळातील नव्हे. उलट महाराष्ट्रातील तुतारी आणि शिंग, कर्नाटकातील कहळे ही या कुळाची अस्सल अपत्ये. कारण तेथे ओठच बोलतात.

तुतारीला छिद्रे नाहीत आणि कळाही नाहीत. मग तिच्यातून निरनिराळे स्वर कसे निघतात? नळीतील हवा मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींतच सहज नादते. तंबोऱ्याच्या खर्जातून गांधार आपोआप ऐकू येतो, त्याला गवई स्वयंभू गांधार म्हणतात. तेच स्वयंभू स्वर नळीतही वसतात. ओठ आवळावे तसा वादक एका पायरीवरून पुढच्या पायरीवर चढतो. बिगुलाची सारी मिजास अशा पाच स्वरांवर चालते: सा, प, वरचा सा, त्याच्यापुढील ग आणि प. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बोधचिन्हात बिगुल आहे, तो याच पाच स्वरांचा धनी. लाइट इन्फंट्रीचे सैनिक रानावनांत पांगून लढत. दूरवर पांगलेल्या माणसांपर्यंत आज्ञा पोहोचवायची, तर थोड्या, ठसठशीत आणि एकमेकांपासून दूर असलेल्या स्वरांचे वाद्यच उपयोगी पडे.

या स्वयंभू स्वरांचा कल शुद्ध स्वरांकडे आहे. हिंदुस्थानी पद्धतीत ज्याला बिलावल थाट म्हणतात, त्याला कर्नाटक पद्धतीत शंकराभरण म्हणतात. दक्षिणेत युरोपीय बँड आले, तेव्हा त्यांच्या धुना नेमक्या याच दारातून आत शिरल्या. मुथुस्वामी दीक्षितर यांनी इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत रचना केल्या. त्या ‘नोट्टुस्वर’ या नावाने ओळखल्या जातात आणि शंकराभरणाच्या शुद्ध स्वरांत गाइल्या जातात. त्याच काळात तंजावरच्या मराठी गादीवर दुसरे सरफोजीराजे होते. १७९८ ते १८३२ या त्यांच्या कारकिर्दीत तंजावरच्या दरबारात पाश्चात्त्य पद्धतीचा बँड नांदत होता. मराठी भाषा, कर्नाटक संगीत आणि युरोपीय वाद्ये यांचा तो संगम महाराष्ट्रात अजून पुरेसा ठाऊक नाही. पुढे म्हैसूर संस्थानाचे ‘कायौ श्रीगौरी’ हे गीत धीरशंकराभरणातच बांधले गेले. बसप्पाशास्त्री यांची ही रचना. दसऱ्यात आजही तिचे सूर उमटतात आणि बँडला ते परके वाटत नाहीत, कारण पितळी नळीच्या स्वभावातच ते स्वर आहेत.

परंतु पाच स्वरांत मिरवणूक सजत नाही. पूर्ण सप्तक हवे तर नळीची लांबी क्षणात बदलता आली पाहिजे. १८१८ मध्ये हाइनरिश श्टोल्झेल आणि फ्रीडरिश ब्ल्यूमेल या दोन जर्मन वादकांनी व्हॉल्व्हचे एकस्व मिळविले आणि हा प्रश्न सुटला. पिस्टन दाबला की हवेला नळीचा एक जादा तुकडा ओलांडावा लागतो आणि स्वर उतरतो. मधला पिस्टन अर्धा स्वर उतरवितो, पहिला एक, तिसरा दीड. तीन बोटांच्या जुळण्यांनी सारे स्वर हाती येतात आणि चालता चालता वाजविता येतात. वादकाचे पाय मोकळे राहिले, हे या शोधाचे मोठेच देणे.

यानंतरचा टप्पा आकाराचा. २२ एप्रिल १८४५ या दिवशी पॅरिसच्या शां द मार्स मैदानावर एक विलक्षण सामना झाला. एका बाजूला फ्रेंच लष्कराचा जुन्या घडणीचा बँड आणि दुसऱ्या बाजूला अॅडॉल्फ साक्स याने घडविलेल्या नव्या वाद्यांचा बँड. निवाडा ऐकणाऱ्या गर्दीचा होता आणि मैदान उघडे होते. साक्सच्या बँडने मैदान मारले. त्याच्या सॅक्सहॉर्न वाद्यांत लहानापासून थोरापर्यंत एकाच घडणीची भावंडे होती. साऱ्यांची नळी हळूहळू रुंदावत जाणारी, साऱ्यांची बोटे सारखी चालणारी. वरचा स्वर आणि खालचा स्वर एकाच गळ्यातून आल्यासारखे एकजीव होत. मोकळ्यावर संख्येपेक्षा एकजीवपणा अधिक दूर जातो, हा धडा तेथे मिळाला. आज बँडमध्ये दिसणारा युफोनियम याच परंपरेतला.

नळीचा आकार म्हणजे नेमके काय? ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन यांची नळी बऱ्याच लांबीपर्यंत एकाच जाडीची असते आणि शेवटी कर्ण्यासारखी उमलते. कॉर्नेट, फ्ल्यूगलहॉर्न, युफोनियम आणि ट्यूबा यांची नळी आरंभापासूनच रुंदावत जाते. पहिल्या जातीचा आवाज लखलखीत, धारदार. दुसऱ्या जातीचा गोलसर, मायाळू. सारख्या जाडीच्या लांब नळीत जोराने फुंकले असता नादलहरीची चढण वाटेतच उभी होत जाते, समुद्राची लाट किनाऱ्याशी येताना ताठ होते तशी. त्या ताठ लहरीत उच्च कंपनसंख्येचे अंश भरतात आणि आवाजाला कर्कश धार चढते. पितळेत तांबे अधिक की जस्त अधिक याचा परिणाम त्यापुढे अगदीच किरकोळ. दुकानात वाद्याची चकाकी पाहून भुलणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. नाद धातूत नसतो, धातूने वेढलेल्या पोकळीत असतो.

येथे या विषयाचे मर्म येते. उच्च स्वरांश कर्ण्याच्या तोंडातून सरळ पुढे जातात, विजेरीच्या झोतासारखे. खर्जातील अंश मात्र दिव्याच्या उजेडासारखे चहूकडे पसरतात. सभागृहात भिंती आणि छत हा भेद मिटवून टाकतात, कारण कोठेही गेलेला नाद परतून येतो. मैदानावर गेलेला नाद परत येत नाही. अंतर दुप्पट झाले की त्याची पातळी सहा डेसिबलने घसरते. म्हणून मोकळ्यावर ‘आणखी जोरात वाजवा’ असे फर्मान सुटले की, आवाज वाढतो त्याहून अधिक तो तीक्ष्ण होतो. ती तीक्ष्णता समोर उभ्या असलेल्यांच्याच कानांवर आदळते, बाजूच्यांना पोहोचत नाही. ओठ सुजतात, सूर चढतो आणि पथक पोकळ वाटते ते वाटतेच.

वाद्यकारांनी यावर जोराचा नव्हे, रचनेचा उपाय शोधला. अमेरिकेच्या यादवी युद्धात बँड सैन्याच्या पुढे चाले. त्यामुळे काही वाद्यांची तोंडे वादकाच्या खांद्यावरून मागे वळविलेली असत, म्हणजे मागून येणाऱ्या शिपायांना ताल नीट ऐकू येई. फ्रेंच हॉर्नचे तोंड स्वभावतःच मागे असते. सभागृहात त्याचा नाद मागच्या भिंतीवरून परतून मऊ होऊन येतो, पण मैदानावर मागे भिंतच नाही. म्हणून संचलनासाठी त्याच्या जागी पुढे तोंड असलेला मेलोफोन आला. सर्वांत बोलके उदाहरण सूसाफोनचे. बँडप्रमुख जॉन फिलिप सूसा यांच्या नावाचे हे वाद्य १८९३ मध्ये प्रथम घडले, तेव्हा त्याचे तोंड आभाळाकडे होते, कारण खर्जाने श्रोत्यांवर तुटून न पडता साऱ्या बँडवर छायेसारखे पसरावे, अशी सूसांची इच्छा होती. पुढे रस्त्यावरच्या संचलनासाठी तेच तोंड समोर वळले. सुमारे साडेपाच मीटर लांबीची नळी वादकाच्या अंगाभोवती वेटोळे घालून डाव्या खांद्यावर विसावते. एवढे अवजड वाद्य घेऊन मैलोगणती चालता यावे, यासाठी माणसाच्या शरीरालाच त्याची बैठक बनविले आहे.

हवामानही या खेळात सामील असते. हवा एका अंशाने तापली की तिच्यातून ध्वनी सेकंदाला सुमारे ०.६ मीटर अधिक वेगाने जातो आणि वाऱ्यावर वाजणाऱ्या वाद्यांचा सूर त्या प्रमाणात चढतो. नळीतील हवा दहा अंशांनी तापली, तर लगतच्या दोन स्वरांतील अंतराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका फरक पडतो. लहान ट्रंपेट वादकाच्या श्वासाने लवकर ऊबदार होतो, मोठा बास बाहेरच्या हवेसारखाच राहतो. त्यामुळे सावलीत जुळविलेली वाद्ये उन्हात एकमेकांशी भांडू लागतात. अनुभवी बँडमास्तर म्हणूनच निघण्यापूर्वी वाद्ये बाहेरच्या हवेत आणवितो, काही वेळ वाजवून घेतो आणि मगच सूर जुळवितो.

म्हैसूरचा दसरा या दृष्टीने एक प्रयोगशाळाच आहे. दुपारी रस्ता तापलेला असतो. जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा उष्ण असते आणि नाद वरच्या बाजूस वळून गर्दीच्या डोक्यांवरून निघून जातो. सायंकाळी मशालींच्या कवायतीच्या वेळी जमीन निवू लागते आणि मग नाद उलट खाली वाकतो. रात्री दूरच्या देवळातील भजन स्पष्ट ऐकू येते, त्याचे कारण हेच. आणखी एक अडचण अंतराची. ध्वनीला ३० मीटर जायला सेकंदाचा सुमारे अकरावा भाग लागतो. मिनिटाला १२० पावले पडत असतील, तर पाऊल अर्ध्या सेकंदाचे. म्हणजे पथकाच्या एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला पावलाच्या जवळजवळ सहाव्या हिश्श्याने उशिरा पोहोचतो. कानावर विसंबून चाललेले लांब पथक यामुळेच फाटते. बिग ड्रम मध्यावर ठेवणे आणि बँडप्रमुखाच्या दंडाकडे नजर ठेवणे हे शिस्तीचे कौतुक नव्हे, ती ध्वनीच्या वेगाशी केलेली तडजोड आहे.

म्हैसूरच्या दरबाराने पाश्चात्त्य बँडबरोबर कर्नाटक संगीताचा बँडही जोपासला, त्यामागील संगीताचे कारणही वाद्याच्या घडणीत सापडते. पिस्टन पायऱ्या देतो, उतार देत नाही. कर्नाटक संगीताचा प्राण असलेला गमक मात्र दोन स्वरांमधल्या उतारावरच नांदतो. पितळी कुळात हा उतार मनसोक्त फक्त ट्रॉम्बोनला साधतो, कारण त्याची नळी सरकते. तिला पुढे मोकळी जागा लागते, म्हणूनच संचलनात ट्रॉम्बोन बहुधा पहिल्या रांगेत दिसतात. नागस्वराला गमकही साधतो आणि मैदानही पेलते, पण वीणेचा नाजूक नाद उघड्या रस्त्यावर विरून जातो. संचलनाचे संगीत आणि बैठकीचे संगीत ही दोन निरनिराळी घरे आहेत, हे त्या दरबाराने ओळखले होते. संस्थान गेले, बँड पोलीस खात्याकडे आले, तरी त्या दोन घरांचा वारसा म्हैसूरने सांभाळला. दसऱ्यात राजवाड्यासमोर पोलीस बँडचे वादन ऐकायला लोक आजही दाटी करतात.

महाराष्ट्रालाही हा नाद नवा नाही. पुण्याच्या गणेशोत्सवात प्रभात आणि दरबार या बँडांची नावे अनेक पिढ्यांच्या तोंडी राहिली. देशातील बँडची वाद्ये मोठ्या प्रमाणावर घडतात ती मेरठच्या जली कोठी भागात, पितळेचा पत्रा ठोकून नळीला आकार देणाऱ्या कारागिरांच्या हातून. मात्र मिरवणुकीत ध्वनिवर्धकांच्या भिंती आल्या आणि कान निराळ्या सवयीचे झाले. त्या भिंतींशी स्पर्धा करण्यासाठी बँड अधिक जोराने वाजू लागतो आणि जोरात तो हरतोच. त्याची खरी ताकद जोरात कधीच नव्हती.

शाळांच्या बाबतीत ही हार आणखी लवकर येते. पथकासाठी थोडा निधी जमतो. ट्रंपेट आणि बिगुल स्वस्त, हाताळायला सोपे आणि छायाचित्रात शोभणारे. युफोनियम महाग, बास त्याहून महाग. कात्री मोठ्या वाद्यांवर चालते. मग मैदानावर उरतो तो केवळ वरचा, टोचणारा आवाज. पालक म्हणतात, ‘मुले बेसूर वाजवितात.’ मुले आणखी जोर लावतात. दोन वर्षांत वाद्ये कपाटात जातात आणि ध्वजवंदनाला ध्वनिमुद्रित संगीत लागते. दोष मुलांच्या फुप्फुसांचा नसतो. खालचा मजला न बांधता वरचा बांधायला काढला, हा तो दोष असतो.

उपाय फार अवघड नाही. सहा ट्रंपेटच्या जागी तीन ट्रंपेट, दोन युफोनियम आणि एक बास असेल, तर संख्या तीच राहून नाद भरतो. रुंदावणाऱ्या नळीचा कॉर्नेट नवशिक्याच्या हाती ट्रंपेटपेक्षा सौम्य बोलतो आणि आखूडही असतो, त्यामुळे लहान मुलाच्या मनगटावर भार कमी येतो. धून निवडताना पथक मैदानावर उभे राहणार की दोन इमारतींमधून चालणार, हे आधी पाहावे. मैदानावर संथ आणि ठसठशीत स्वरवाक्ये पोहोचतात, जलद तानांचा मात्र गोंधळ होतो. सरावाला वर्गाची खोली न वापरता मैदान वापरावे, कारण खोलीच्या भिंती मुलांची खोटी स्तुती करतात. बँडमास्तरांचा कान कोणत्याही नव्या यंत्रापेक्षा मोलाचा आहे, तेव्हा निधीतील एक वाटा त्यांच्या मानधनासाठी राखून ठेवावा.

मोठ्या वाद्यामागचे मूल बहुधा दिसत नाही. टाळ्या ट्रंपेटला मिळतात. तरीही बन्नीमंटपाच्या अंधारात, मशाली हलू लागल्यावर, सर्वांत दूरच्या कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जे थरथरते, ते वरच्या स्वरांनी थरथरत नाही. तो खर्ज असतो, कोणा दिशेचा नसलेला, साऱ्या मैदानाला सारखा मिळणारा. साठ वर्षे उभ्या राहिलेल्या शाळेने आपल्या पथकात त्या खर्जाला जागा द्यावी. पुढच्या प्रजासत्ताक दिनी, मैदानाच्या पलीकडच्या कुंपणाशी हात जोडून उभ्या असलेल्या आजीलाही मग मुलांनी वाजविलेले राष्ट्रगीत नीट ऐकू येईल.